अंगठा, ओळख आणि खासगीपणाचा हक्क

मराठीत 'अंगठाबहाद्दर' असा एक शब्द आहे. ज्याला सही करता येत नाही, कागदावर अंगठा उमटवून जो मोकळा होतो, त्याला हिणवण्यासाठी तो वापरला जाई. प्रौढ साक्षरता वर्गांचे पहिले उद्दिष्टच हे असे की शिकणाऱ्याने अंगठा सोडावा आणि आपल्या नावाची सही करावी. सावकाराच्या वहीवरील किंवा खरेदीखतावरील अंगठा हे अगतिकतेचे चिन्ह मानले जाई. आता पीएच.डी. झालेला प्राध्यापक सकाळी महाविद्यालयात शिरताना हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवतो आणि निवृत्त मुख्याध्यापक हयातीच्या दाखल्यासाठी बोट किंवा डोळा पुढे करतो. अंगठाबहाद्दर या शब्दातील उपहास आपोआप गळून पडला आहे.

परंतु सही आणि ठसा यांत एक मूलभूत फरक आहे, आणि बायोमेट्रिक ओळखीविषयी समाजात जी अस्वस्थता दिसते तिचे मूळ बहुतांशी या फरकात आहे. सही ही माणसाने जाणूनबुजून केलेली कृती असते. ती तो नाकारू शकतो आणि मनात आले तर बदलूही शकतो. ठसा मात्र शरीराचा भाग आहे. तो झोपलेल्या माणसाचा घेता येतो, बेशुद्ध माणसाचाही घेता येतो. मरणासन्न माणसाचा अंगठा मृत्युपत्रावर उमटवून घेतल्याच्या तक्रारी दिवाणी न्यायालयांना नव्या नाहीत. चेहऱ्याच्या बाबतीत तर पुढचे पाऊल पडले आहे, कारण तो टिपण्यासाठी माणसाला स्पर्शही करावा लागत नाही.

'खासगी' या शब्दाविषयी थोडेसे

खासगीपणाची कल्पना पाश्चात्त्य असून आपल्या समाजात तिला आधार नाही, असे वारंवार म्हटले जाते. भाषेचा पुरावा त्याविरुद्ध जातो. मराठीतील 'खासगी' हा शब्द अरबी 'खास'वरून फारसीमार्गे आला. उर्दूत याच अर्थक्षेत्रात 'खानगी' चालतो. त्याचा संबंध 'खाना' म्हणजे घर या शब्दाशी आहे. मराठी राज्यकारभारात खासगी हा नुसता विशेषणवाचक शब्द नव्हता, तर हिशेबाचे ते एक स्वतंत्र खाते होते. इंदूरच्या होळकरांच्या दप्तरात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे विभाग होते. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांनी पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर मिळवली. पुढे अहिल्याबाईंच्या हाती तिचा कारभार आला. दौलतीचा पैसा राज्याचा आणि खासगीचा पैसा घराचा अशी ती विभागणी होती. राज्यसत्तेचा हात कुठवर पोचावा याची काही एक मर्यादा या शब्दात अभिप्रेत होती, एवढे तरी म्हणता येते. अर्थात ही सोय राजघराण्याची होती. सामान्य रयतेच्या घरात कोतवालाने केव्हा शिरावे याला असा बांध नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

हुगळीपासून ट्रान्सवालपर्यंत

बोटांच्या ठशांचे शास्त्र युरोपातून तयार होऊन भारतात आले, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याची मोठी जडणघडण बंगालमध्ये झाली. १८५८ मध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा पुरवठा करणाऱ्या राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून करारावर संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. उद्देश एवढाच की ठेकेदाराने पुढे 'ही सही माझी नव्हेच' असे म्हणू नये. १८७७ मध्ये हुगळीचे मॅजिस्ट्रेट असताना हर्शेल यांनी ही रीत निवृत्तिवेतन, दस्तनोंदणी आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी लागू केली. मेलेल्या पेन्शनराच्या नावावर दुसऱ्याच कोणी पैसे उचलू नयेत, ही त्यांची एक चिंता होती. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'जीवन प्रमाण' या डिजिटल हयातीच्या दाखल्यामागेही हीच चिंता आहे. मधल्या १३७ वर्षांत यंत्र बदलले, पण शासनाला वाटणारा संशय तोच राहिला.

ठसे घेणे सोपे होते. हजारो ठशांमधून हवा तो शोधणे कठीण होते. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काम करणाऱ्या काझी अझिझुल हक या तरुणाने हा प्रश्न सोडवला. खुलना भागातील पायग्राम कसबा हे त्यांचे गाव. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकले होते. त्यांची युक्ती वर्गात फळ्यावर सहज समजावून सांगता येईल अशी आहे. दहा बोटांच्या पाच जोड्या करावयाच्या. ज्या बोटावर भोवरा असेल त्याला पहिल्या जोडीत १६, मग ८, ४, २ आणि शेवटी १ अशी किंमत द्यावयाची. भोवरा नसेल तर शून्य. जोडीतील एका बोटाची किंमत अंशात आणि दुसऱ्याची छेदात मिळवावयाची व दोहोंत १ मिळवावयाचा. अंश व छेद दोन्ही १ ते ३२ यांच्या दरम्यान येतात. म्हणजे ३२ गुणिले ३२ असे १,०२४ कप्पे झाले. लाखभर पत्रके चाळण्याऐवजी आता कारकून थेट एका कप्प्याकडे जाऊ शकत होता. हक यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्णन तारेने कळवण्याची सांकेतिक पद्धत तयार केली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला आणि १९०१ मध्ये हेन्री यांच्या पुढाकाराने लंडनच्या स्कॉटलंड यार्डने तीच पद्धत स्वीकारली. जगभर ती 'हेन्री पद्धती' म्हणूनच ओळखली गेली. हक यांना 'खान बहादूर' हा किताब आणि ५,००० रुपये मिळाले. पद्धतीला त्यांचे नाव मात्र मिळाले नाही.

हेन्री यांचे पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा एक वाचक पुढे दक्षिण आफ्रिकेत भेटतो. ऑगस्ट १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने एका वटहुकुमाचा मसुदा गॅझेटमध्ये छापला. त्यानुसार आठ वर्षे व त्यावरील प्रत्येक आशियाई व्यक्तीने नोंदणी करून बोटांचे ठसे द्यावयाचे होते. पोलीस मागतील तेव्हा परवाना दाखवणे सक्तीचे होते आणि त्यासाठी पोलीस घरातही शिरू शकणार होते. मोहनदास गांधी यांनी हेन्रींचे पुस्तक मिळवून वाचले आणि दहाही बोटांचे ठसे कायद्याने केवळ गुन्हेगारांकडूनच घेतले जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे एका भारतीय गणितज्ञाच्या बुद्धीतून निघालेले साधन भारतीयांनाच गुन्हेगारांच्या रांगेत बसवण्यासाठी वापरले जात होते. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा भरली. अध्यक्षस्थानी अब्दुल गनी होते. हाजी हबीब यांनी हा ठराव ईश्वराला साक्षी ठेवून करावा असे सुचवले आणि सभेला शपथेचे रूप आले. सत्याग्रहाच्या इतिहासाचा आरंभ या सभेपासून धरला जातो. तो आरंभ बोटांच्या ठशांवरून झाला, हे मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच अधोरेखित केले जाते.

पुढची हकिगत अधिक बोलकी आहे. जानेवारी १९०८ मध्ये जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड झाली. भारतीयांनी स्वेच्छेने नोंदणी करावी आणि सक्तीचा कायदा रद्द व्हावा, असे ठरल्याचे गांधींचे म्हणणे होते. १० फेब्रुवारी रोजी नोंदणीसाठी जात असताना मीर आलम या पठाणाने व त्याच्या साथीदारांनी त्यांच्यावर हल्ला केला. ठसे देणे म्हणजे समाजाशी द्रोह, अशी त्यांची भावना होती. जखमी गांधींनी अंथरुणावर पडल्यापडल्या दहाही बोटांचे ठसे दिले. कायदा मात्र रद्द झाला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक परवान्यांची होळी करण्यात आली. त्याच माणसाने तेच ठसे आधी नाकारले, मग दिले आणि पुढे त्या नोंदणीची प्रमाणपत्रे जाळण्यात पुढाकार घेतला. यात विसंगती नाही. शाई आणि कागद दोन्ही वेळी सारखेच होते. फरक संमतीचा होता, आणि मीर आलमला तो पटला नाही याचे आश्चर्य वाटू नये. एकदा दिलेला ठसा दुसऱ्या बाजूने वचन मोडल्यावर परत घेता येत नाही, ही त्याची भीती निराधार नव्हती.

भारतात या काळात दुसरी एक धारा वाहत होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांसारख्या अनेक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या, त्यांच्या नोंदी व हजेऱ्या ठेवल्या गेल्या. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी त्या नोंदवह्यांनी चिकटवलेला शिक्का अजून पुरता पुसला गेलेला नाही. ओळख नोंदवणारी वही तटस्थ असते, असे म्हणणाऱ्यांनी एखाद्या पारधी वस्तीवर जाऊन विचारावे.

यंत्र नेमके काय करते

बायोमेट्रिक यंत्र बोटाचे चित्र जसेच्या तसे जुळवत नाही. बोटावरील रेषा जेथे संपतात किंवा जेथे त्यांना फाटे फुटतात त्या बिंदूंची जागा व दिशा ते टिपते आणि त्यांचा एक अंकीय नमुना तयार करते. पुढच्या वेळी बोट ठेवले की नवा नमुना जुन्याशी किती जुळतो याचा गुणांक काढला जातो. गुणांक ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर 'तोच माणूस', खाली राहिला तर 'तो नव्हे'. म्हणजे उत्तर होय किंवा नाही असे आले तरी त्यामागे शक्यतेचा हिशेब असतो. मर्यादा वर नेली तर खरा माणूस नाकारला जाण्याचे प्रमाण वाढते, खाली आणली तर भलताच माणूस स्वीकारला जाण्याचे. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. कोणती चूक पत्करायची हे यंत्र बसवणारा ठरवतो.

'तुम्ही म्हणता ते तुम्हीच का?' आणि 'तुम्ही कोण?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात एका नमुन्याची एकाशीच तुलना होते. रेशन दुकानात किंवा हजेरी यंत्रावर बहुधा हेच घडते. दुसऱ्यात एका नमुन्याची संपूर्ण साठ्याशी तुलना होते आणि साठा जितका मोठा तितक्या चुका अधिक. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने २०१२ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, साठ्यात ८.४ कोटी लोक असताना नव्याने नोंदणी करणाऱ्यांपैकी ०.०५७ टक्के लोक चुकीने 'आधीच नोंदलेले' म्हणून दाखवले जात. प्रमाण अगदी लहान वाटते. पण एक कोटी नव्या लोकांमागे ते ५,७०० होतात, आणि त्यांतील प्रत्येकाला आपण दुसरे कोणी नाही हे सिद्ध करत बसावे लागते.

शिवाय बोटे सर्वांची सारखी नसतात. विटा, सिमेंट, चुना यांत काम करणारे मजूर, रोज भांडी घासणाऱ्या स्त्रिया आणि वृद्ध यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. 'थंब लागत नाही' हे वाक्य रेशन दुकानात याच लोकांच्या वाट्याला येते. मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाच्या प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार, सरकारी सेवांसाठी केलेल्या पडताळणीत यशाचे प्रमाण ८८ टक्के होते. उरलेल्या १२ टक्क्यांतील सगळेच लाभापासून वंचित राहिले असे नाही. पुन्हा प्रयत्न करता येतो, ओटीपी किंवा डोळ्याचा मार्ग असतो. परंतु ते मार्ग दुकानदाराला माहीत असणे आणि त्याने ते वापरणे या दोन्ही गोष्टी ग्राहकाच्या हातात नसतात. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. आधारशी जोडणी नसल्याने कुटुंबाचे रेशन कार्ड रद्द झाले होते आणि मुलगी उपाशी होती, असे आईचे व कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. प्रशासनाने मलेरियाचे कारण दिले. पुढच्याच महिन्यात केंद्र सरकारने, आधार नाही म्हणून कोणाचे धान्य रोखू नये, असे राज्यांना कळवले.

संकेतशब्द फुटला तर तो बदलता येतो. बोट बदलता येत नाही. तेलंगणातील पेद्दपल्ली येथे २०१८ मध्ये उघडकीस आलेले प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील खरेदीखतांवरून लोकांच्या अंगठ्यांचे ठसे उतरवले, त्यांचे रबरी शिक्के केले आणि त्यांच्या आधारे सिमकार्डे सुरू केली. प्राधिकरणाच्या मध्यवर्ती साठ्याला येथे धक्काही लागला नव्हता. लागण्याचे कारणच नव्हते, कारण ठसे दुसऱ्या सरकारी कपाटात उघडे पडले होते.

आधार, न्यायालय आणि गोव्यातील एक प्रकरण

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देण्यात आला. ज्यांच्याकडे ओळखीचा कोणताच कागद नाही त्यांना ओळख मिळावी हा घोषित हेतू होता, आणि तो क्षुल्लक नव्हता. रेशन कार्ड नाही म्हणून खाते नाही, खाते नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, या चक्रात सापडलेले विद्यार्थी शिक्षकांनी पाहिलेले आहेत. दहा बोटे, दोन डोळे आणि चेहऱ्याचे छायाचित्र देऊन मिळणारा हा बारा आकडी क्रमांक आज १३० कोटींहून अधिक लोकांना दिला गेला आहे. पण २०१६ पर्यंत या योजनेला संसदेचा कायदा नव्हता. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

त्याच सुमारास गोव्यातील एका प्रकरणाने प्रश्नाचे खरे रूप उघड केले. जानेवारी २०१३ मध्ये वास्को येथील एका शाळेत लहान मुलीवर अत्याचार झाला. घटनास्थळी मिळालेले ठसे कोणाचे हे कळत नव्हते. तपास करणाऱ्या सीबीआयने गोव्यातील आधारधारकांचे ठसे तुलनेसाठी मागितले आणि स्थानिक न्यायालयाने ते देण्याचा आदेश दिला. प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे गेले. तेथे फेब्रुवारी २०१४ मध्ये असे जुळवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, हे तज्ज्ञांकडून तपासण्याचा आदेश झाला. त्यावर प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालय गाठले. माहिती नागरी कामासाठी घेतली आहे, गुन्ह्याच्या तपासासाठी नव्हे, आणि अशा शोधात निरपराध माणसे गोवली जातील, अशी भूमिका खुद्द प्राधिकरणाने घेतली. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिची बायोमेट्रिक माहिती कोणत्याही यंत्रणेला देऊ नये, असे बजावले.

हे प्रकरण सोपे नाही. गुन्हा अत्यंत निर्घृण होता आणि गुन्हेगार सापडावा असे प्रत्येकालाच वाटत होते. अशाच वेळी कसोटी लागते. रेशनसाठी दिलेला अंगठा एका गुन्ह्यासाठी उघडला, तर दुसऱ्यासाठी न उघडण्याचे कारण सांगणे कठीण होते. आणि मग गोव्यातला प्रत्येक आधारधारक काहीही न करता संशयितांच्या ओळीत उभा राहतो. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे तत्त्व २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम २९ मध्ये आले: मूळ बायोमेट्रिक माहिती कोणत्याही कारणासाठी कोणालाही देता येणार नाही.

पुट्टस्वामी खटल्यात सरकारने खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही असा युक्तिवाद केला. त्याला १९५४ च्या एम. पी. शर्मा आणि १९६२ च्या खडकसिंग या निकालांचा आधार होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने तो फेटाळला आणि खासगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचा अंगभूत भाग आहे असे सांगितले. सत्तेला त्यात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि हस्तक्षेप हेतूच्या प्रमाणात हवा. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरवला. अनुदाने व कल्याणकारी लाभ यांसाठी आणि पॅनशी जोडणीसाठी आधार मान्य झाले. बँक खाते व मोबाईल यांची सक्ती गेली. खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा कलम ५७ चा भाग रद्द झाला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले. हा कायदा धन विधेयक म्हणून मंजूर करणेच घटनाबाह्य होते, असे त्यांचे म्हणणे होते. बाहेर काढलेले खासगी क्षेत्र नंतर २०१९ ची दुरुस्ती आणि जानेवारी २०२५ चे नियम यांच्या मार्गाने, ऐच्छिक या नावाखाली, टप्प्याटप्प्याने परत आत आले. बँकेच्या काउंटरवर 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

चेहरा

चेहऱ्यावरून ओळख पटवणारी यंत्रणा वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारची, एकाची अनेकांशी तुलना करणारी असते. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या दंगलीसंबंधी लोकसभेत बोलताना केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितले की मतदार ओळखपत्रे व वाहन परवाने यांतील माहिती संगणकाला पुरवून १,१०० हून अधिक लोकांची ओळख पटवण्यात आली. मत देण्यासाठी काढलेले छायाचित्र येथे पोलीस तपासात आले. गोव्यातील प्रकरणात न्यायालयाने जो दरवाजा रोखला होता, तो येथे ठोठावण्याचीही गरज पडली नाही. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ८० टक्के साम्य त्यांच्या दृष्टीने जुळणी ठरते. हा ८० चा आकडा कोणत्या कायद्यात लिहिलेला नाही.

हैदराबादमध्ये मे २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात पोलिसांनी एका सामाजिक कार्यकर्त्याला रस्त्यात थांबवून, मास्क काढायला लावून त्याचे छायाचित्र घेतले. ते कशासाठी घेतले, कुठे साठवले, हे त्याने नोटिशीद्वारे विचारले. उत्तर न मिळाल्याने त्याने तेलंगणा उच्च न्यायालयात याचिका केली आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला नोटीस काढली. यंत्र सर्वांना सारखे पाहत नाही, हेही सिद्ध झाले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या बाजारातील संगणक प्रणाली गोऱ्या पुरुषांबाबत फार तर ०.८ टक्के चुकत होत्या. सावळ्या व काळ्या स्त्रियांबाबत चुकीचे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते. दरम्यान २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने १९२० च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. ठशांबरोबर डोळ्यांचे नमुने आणि जैविक नमुनेही घेण्याची मुभा त्याने दिली असून या नोंदी ७५ वर्षे जतन होणार आहेत.

महाविद्यालयाच्या कचेरीत

या सर्व चर्चेत शिक्षक केवळ नागरिक म्हणून येत नाही. तो माहिती गोळा करणारा म्हणूनही येतो. प्रवेश अर्जासोबत आधारची झेरॉक्स मागणारा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेणारा, हजेरी यंत्रापुढे विद्यार्थ्यांची रांग लावणारा तोच असतो. २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, मुलांच्या नोंदणीस पालकांची संमती हवी आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ रोखता येणार नाही, असे स्पष्ट आहे. सीबीएसई, नीट आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांनी आधार अनिवार्य करणेही न्यायालयाने अमान्य केले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत आपले आधार रद्द करण्याचा अर्ज करता येतो. हा हक्क ज्या वयाच्या मुलामुलींसाठी आहे ती नेमकी आपल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसलेली असतात, आणि त्यांतील बहुतेकांनी त्याविषयी ऐकलेलेही नसते.

जून २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. कारण खरे होते: नाव महाविद्यालयात आणि विद्यार्थी खासगी क्लासमध्ये, असा प्रकार फोफावला होता. परंतु तेच काम शिक्षकाने नाव पुकारून होते का, हा प्रश्न प्रमाणबद्धतेचा आहे. स्वीडनमधील शेलेफ्तेओ येथील एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली. पालकांची संमती घेतली होती. तरी २०१९ मध्ये तेथील माहिती संरक्षण यंत्रणेने पालिकेला २ लाख क्रोनरचा दंड केला. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, म्हणून त्याची संमती मोकळी मानता येत नाही, आणि हजेरी कमी घुसखोर मार्गाने घेता येते, अशी दोन कारणे दिली गेली. ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने शाळेला पालकाची लेखी संमती घ्यावी लागते. पालकाने होकार दिला तरी मुलाने नकार दिला तर ठसा घेता येत नाही आणि पर्यायी सोय द्यावी लागते.

आपल्याकडे न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला, तरी कायदा यायला ऑगस्ट २०२३ उजाडला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. म्हणजे अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी त्यात येतात. उणिवाही मोठ्या आहेत. आधीच्या मसुद्यांत बायोमेट्रिक माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा वर्ग होता, तो अंतिम कायद्यात नाही. आणि केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देऊ शकते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली.

तोवर कचेरीच्या कपाटांत वर्षानुवर्षांच्या प्रवेश अर्जांना टाचलेल्या आधारच्या झेरॉक्स प्रती पडून आहेत. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळूरु विभागीय कार्यालयाने लोकांनी अशा प्रती कोठेही देऊ नयेत असे सांगितले. दोनच दिवसांत गैरसमज होईल म्हणून ती सूचना मागे घेण्यात आली. शेवटचे चार आकडेच दिसतील असे 'मास्क्ड' आधार आणि बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहे. प्रवेश पुस्तिकेत त्याविषयी दोन ओळी छापायला खर्च येत नाही. हजेरी यंत्राचा करार ज्या कंपनीशी होतो त्यात ठशांचे नमुने कोठे साठतात, करार संपल्यावर ते कोण पुसतो आणि पुसल्याचा दाखला कोणाला मिळतो, ही तीन कलमे आहेत की नाहीत, हे प्राचार्यांनी कागद काढून पाहावे. विद्यार्थी बारावी होऊन निघून जातो, त्याचा ठसा मात्र यंत्रातच राहतो.